ताळगावच्या पठारावर जगभरची नियतकालिके : एका सोयीची पार्श्वभूमी

दामोदर धर्मानंद कोसंबी यांचा जन्म 1907 साली गोव्यातल्या कोसबें गावी झाला. त्यांचे इतिहासलेखन सगळ्यांना ठाऊक असते, पण ते मुळात गणिती. 1944 साली त्यांचा जेमतेम चार पानांचा एक निबंध ‘अ‍ॅनल्स ऑफ युजेनिक्स’ या इंग्लंडमधल्या नियतकालिकात आला. संकराच्या निरीक्षणांवरून दोन जनुकांमधले अंतर कसे काढावे, याचे सूत्र त्यात होते. पिकांचे जनुकीय नकाशे तयार करणारे लोक ‘कोसंबी फलन’ या नावाने ते आजही वापरतात. ताळगावच्या पठारावर, म्हणजे गोवा विद्यापीठाच्या आवारात, बसलेली एखादी विद्यार्थिनी हा निबंध आज पडद्यावर शोधू शकते आणि त्याचा आधार नंतर कोणी कोणी घेतला, तेही पाहू शकते. यातल्या दुसऱ्या गोष्टीचे मोल जास्त आहे. या सोयीपर्यंत गोवा कसा पोहोचला, ही हकीकत संगणकाची कमी आणि वर्गणीच्या हिशेबाची अधिक आहे.

छापील ज्ञानाशी गोव्याचे नाते जुने. 1556 साली मुद्रणयंत्र गोव्यात उतरले आणि 1563 साली वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी इथल्या वनस्पती व औषधींवरचा आपला संवादरूप ग्रंथ इथेच छापला. युरोपातल्या बहुतेक विद्वानांनी मात्र तो मुळातून वाचलाच नाही. क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1567 साली त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि तोच तिकडे गाजला. इथले ज्ञान परदेशी प्रकाशकाच्या हातून जगाला मिळायचे, ही रीत इतकी जुनी आहे. पुढे 1754 मध्ये पोर्तुगीज सरकारने गोव्यात छपाईवरच बंदी घातली. 1821 साली ‘गॅझेता द गोवा’ निघेपर्यंत इथले छापखाने मुके होते. 1832 मध्ये सार्वजनिक ग्रंथालय उभे राहिले (आजचे पाटोवरचे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय) आणि 1842 मध्ये वैद्यकीय शाळा. पण नियतकालिके मागवून चालणारे आधुनिक विज्ञान संशोधन म्हणावे, तर ते मुक्तीनंतरच आले.

1962 साली पहिली महाविद्यालये निघाली, तीही मुंबई विद्यापीठाला जोडलेली. पदव्युत्तर अभ्यासासाठी त्याच विद्यापीठाचे केंद्र पणजीत चालायचे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून 1966 साली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्मली आणि पुढे दोनापावलाच्या टेकडीवर स्थिरावली. गोवा विद्यापीठ 1985 चे. कोसंबींचा वैयक्तिक ग्रंथसंग्रह आज त्याच विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

त्या काळी संदर्भ शोधणे हे अंगमेहनतीचे काम होते. रसायनवाल्यांकडे ‘केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स’चे जाडजूड खंड असत. 1907 पासून निघणारी ही सूची. कोणता निबंध वाचावा याचा सुगावा तिच्यातून लागायचा, निबंध मात्र हाती यायचा नाही. मग लेखकाला पोस्टकार्ड पाठवून प्रत मागायची किंवा दिल्लीच्या इन्सडॉककडून, म्हणजे 1952 साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय प्रलेखन केंद्राकडून, झेरॉक्स मागवायची. बोटीने येणारे अंक महिनोन्‌महिने उशिरा पोहोचत, आणि मधलाच एखादा हरवला की तो खंड बांधायचा राहून जाई.

शोधाची दिशाच बदलली ती यूजीन गारफील्ड यांच्या ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ने. 1964 पासून ही सूची नियमित निघू लागली. विषयावरून निबंध शोधण्याऐवजी एका जुन्या निबंधाचा हवाला नंतर कोणी दिला, हे तिने दाखवले. कोसंबींच्या सूत्रासारख्या कामाला हीच पद्धत हवी. गणित्याने लिहिलेले आणि आनुवंशिकीच्या अंकात छापलेले काम विषयवारीत हमखास निसटते. ‘वेब ऑफ सायन्स’ म्हणजे याच सूचीचा 1997 नंतरचा अवतार. 2004 साली ‘स्कोपस’ आणि ‘गुगल स्कॉलर’ ही हवाले शोधण्याची आणखी दोन साधने आली. या तिन्हींतली पहिली दोन पैसे मोजून घ्यावी लागतात, तिसरे फुकट. छोट्या ग्रंथालयांतला संशोधक सगळ्यात आधी कुठे वळला असेल, ते वेगळे सांगायला नको.

पण या सगळ्यात कळीचे वर्ष 1991. त्या जुलैत रुपयाचे अवमूल्यन झाले. डॉलर आणि पौंडात आकारली जाणारी वर्गणी एका झटक्यात महागली. प्रकाशकांचे दर आधीच दरसाल चढत होते. आता अंक बंद करण्याच्या याद्या होऊ लागल्या. त्याच ऑगस्टमध्ये पॉल गिन्सपार्ग यांनी अमेरिकेतल्या लॉस अलामॉसमध्ये भौतिकीच्या निबंधांचा खुला संग्रह सुरू केला. आज तो ‘अर्काइव्ह’ नावाने ओळखला जातो. आणि त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राच्या छत्राखाली ‘इन्फ्लिबनेट’ हा ग्रंथालये जोडण्याचा प्रकल्प हाती घेतला. 1996 मध्ये ते स्वतंत्र केंद्र झाले. महागाई, खुला संग्रह आणि ग्रंथालयांचे जाळे या तिन्ही गोष्टी एकाच वर्षातल्या. पुढची तीस वर्षे यांच्याच ओढाताणीत गेली, असे माझे मत.

इन्फ्लिबनेटचे खरे काम तारा जोडण्याचे नव्हतेच, ते घासाघिशीचे होते. एका विद्यापीठाने प्रकाशकाशी बोलण्यापेक्षा सगळ्यांनी मिळून बोलावे, हा विचार. डिसेंबर 2003 मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते यूजीसी-इन्फोनेट कन्सॉर्शियमची, म्हणजे मिळून वर्गणी ठरवणाऱ्या संघाची, औपचारिक सुरुवात झाली आणि विद्यापीठांना हजारो अंक एकदम मिळाले. समुद्रविज्ञान संस्था सीएसआयआरची, म्हणजे वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेची, असल्याने तिची व्यवस्था वेगळी होती. त्या प्रयोगशाळांचे स्वतःचे कन्सॉर्शियम त्याच सुमारास उभे राहिले. महाविद्यालयांसाठी 2010 मध्ये एन-लिस्ट ही तशीच योजना आली. म्हणजे दोनापावला, ताळगावचे पठार आणि मडगावचे एखादे महाविद्यालय एकाच छोट्याशा राज्यात, पण प्रत्येकाच्या पडद्यावर दिसणारे अंक निराळे. कुठे काय उघडते हे ओळखीपाळखीने कळायचे. ‘तुमच्याकडे हा निबंध उघडतो का, बघ जरा’ ही विनंती संशोधकांच्या तोंडी बसली ती याच वर्षांत. 2015 च्या अखेरीस यूजीसीचे कन्सॉर्शियम, एन-लिस्ट आणि तंत्रशिक्षणाचे कन्सॉर्शियम मिळून ‘ई-शोधसिंधू’ झाले. सीएसआयआर मात्र त्यातही वेगळेच राहिले.

या सोयीला एक खोट होती आणि ती उशिरा लक्षात आली. कागदी अंक विकत घेतला की तो कपाटात राहायचा, वर्गणी बंद झाली तरी. ऑनलाइन अंकाचा नुसता परवाना मिळतो. करारात कायम वापराचे कलम नसेल तर वर्गणी थांबताच मागचे अंकही हातचे जातात. शिवाय प्रवेश आयपी पत्त्यावर, म्हणजे आवारातल्या संगणकजाळ्याच्या क्रमांकावर, बेतलेला. आवाराबाहेर पाऊल टाकले की दार बंद. 2020 च्या टाळेबंदीत विद्यार्थी पेडण्याला, काणकोणला घरी बसले, तेव्हा इन्फ्लिबनेटची घरून लॉगिन करण्याची ‘इनफेड’ सोय एकाएकी निकडीची झाली. सोय आधीपासून होती. गरज तेव्हा कळली.

मला या हकीकतीतला सर्वांत जमेचा भाग वाटतो तो इथल्यांनी स्वतः बांधलेला. अमेरिकेतल्या एमआयटी आणि एचपी यांनी 2002 मध्ये ‘डीस्पेस’ हे मोफत सॉफ्टवेअर खुले केले. समुद्रविज्ञान संस्थेच्या ग्रंथालयाने त्यावर आपल्या शास्त्रज्ञांच्या निबंधांचा डिजिटल संग्रह उभा केला. गोवा विद्यापीठानेही आपल्या प्राध्यापकांच्या संशोधनाचा संग्रह जोपासला आहे. खाजन जमिनी (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेते), मांडवी-जुवारीची खारटाई, खाणींचा गाळ यांवरचे काम तिथे एका ठिकाणी सापडते. 2009 च्या यूजीसी नियमांनी पीएचडीचे प्रबंध इलेक्ट्रॉनिक स्वरूपात देणे बंधनकारक केले आणि ‘शोधगंगा’ हा प्रबंधांचा खुला संग्रह वाहू लागला. त्याआधी प्रबंध म्हणजे बांधणी करून कुलपात ठेवण्याची वस्तू होती. परीक्षकांनंतर तो फारसा कोणी वाचत नसे. आता कोल्हापूरचा विद्यार्थी गोव्यातला प्रबंध घरबसल्या वाचतो. नक्कलही लगेच पकडली जाते, कारण 2018 च्या नियमांनंतर प्रबंध सादर करण्याआधी साम्य तपासणे आलेच.

बाकीची साधने थोडक्यात. निबंधाला कायमचा क्रमांक देणारी डीओआय पद्धत क्रॉसरेफ या प्रकाशकांच्या संस्थेमुळे 2000 पासून रुळली. संदर्भ सांभाळणारे ‘झोटेरो’ 2006 चे, मोफत आणि बहुतेकांना पुरेसे. नामसाधर्म्याचा घोळ टाळणारा ‘ऑर्किड’ क्रमांक 2012 चा. नाईक, गावकर, फर्नांडिस अशी आडनावे घरोघरी असलेल्या प्रदेशात त्याचा उपयोग काय, ते इथल्या ग्रंथपालांना विचारावे. खाजनांचा जुना इतिहास हवा असेल तर मात्र यातले काहीच पुरत नाही. गावकारींचे, म्हणजे जुन्या ग्रामसंस्थांचे, पोर्तुगीज दफ्तर वाचायला पुराभिलेखागारातच बसावे लागते.

25 नोव्हेंबर 2024 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘एक राष्ट्र, एक वर्गणी’ योजना मंजूर केली. 30 प्रकाशक, सुमारे 13,000 नियतकालिके, 6,300 हून अधिक सरकारी संस्था आणि 2025 ते 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये. समन्वय पुन्हा इन्फ्लिबनेटकडेच. दोनापावला आणि ताळगाव यांची यादी पहिल्यांदाच एक झाली. योजना नियतकालिकांची आहे. हवाल्यांच्या सशुल्क सूच्या ज्याच्या त्याने घ्यायच्या. स्वतंत्रपणे अभ्यास करणारा निवृत्त प्राध्यापक, खासगी संस्थेतला संशोधक यांच्यासाठी पहिल्या टप्प्यात दार उघडलेले नाही. त्यांचा भरवसा अर्काइव्हवर आणि इथल्या दोन संग्रहांवर. सध्याच्या मंजुरीची मुदत 2027 अखेर संपते. त्यानंतरचा दर काय आणि मागचे अंक कोणाकडे राहणार, ही बोलणी त्याआधी व्हायला हवीत.