सीएनसीशेजारचा जुना पीसी: विंडोज बदललं की काय अडतं

विंडोज १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. कोल्हापूरजवळच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगावच्या वर्कशॉपमध्ये अकाउंटचा पीसी बदलणं सोपं आहे. खरी अडचण सीएनसी-व्हीएमसीला (संगणकाच्या सूचनांवर धातू कापणाऱ्या मशीनना) केबलने प्रोग्रॅम पाठवणाऱ्या पीसीची, आणि तिचं मूळ पहिल्या पीसीपर्यंत जातं.

ऑगस्ट १९८१ मध्ये आलेला आयबीएमचा पीसी बाजारात मिळणाऱ्या भागांतून जुळवलेला होता; नक्कल करायला अवघड गोष्ट म्हणजे बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा बोर्डावरचा मूळ प्रोग्रॅम. कॉम्पॅकने तसाच चालणारा बायोस स्वतः नव्याने लिहिला, १९८४ पासून फिनिक्स कंपनी आपला बायोस इतरांना विकू लागली आणि असेंबल्ड पीसीची वाट मोकळी झाली. विंडोजआधीच्या डॉसमध्ये प्रोग्रॅम थेट पोर्टशी बोलायचा. कॉम-१ (पहिला सीरियल पोर्ट) म्हणजे पत्ता ३एफ८ आणि आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याची लाइन, ४; इतकं पक्कं. मशीनसाठीची जुनी सॉफ्टवेअर आणि प्रिंटर पोर्टला लावायचे डोंगल (सॉफ्टवेअर उघडणारी किल्ली) याच भरवशावर बनले.

२००१ च्या एक्सपीने हा थेट रस्ता घरच्या पीसीवरही बंद केला. मध्ये ड्रायव्हर, म्हणजे विंडोज आणि हार्डवेअरची गाठ घालणारा छोटा प्रोग्रॅम, आला. ६४-बिट विंडोजमध्ये १६-बिट प्रोग्रॅम चालत नाही, ३२-बिट ड्रायव्हर लोड होत नाही, आणि ६४-बिट व्हिस्टापासून डिजिटल सही नसलेला कर्नल ड्रायव्हरही (विंडोजच्या गाभ्यात चालणारा) नाकारला जातो. विंडोज ११ तर ३२-बिटमध्ये निघालंच नाही. डोंगलवाल्याने नवा ड्रायव्हर काढला नसेल, तर सॉफ्टवेअर कितीही चांगलं असो, ते उघडत नाही.

सर्वांत फसवी गोष्ट सीरियल पोर्टची. पहिल्या पीसीच्या ८२५० चिपमध्ये साठा नव्हता, एक अक्षर गेलं की दुसरं. नंतरच्या १६५५० मध्ये १६ अक्षरांचा फिफो (आधी आलेलं आधी पाठवणारा साठा) आला, जो मोडेमसाठी वरदान होता. पण मशीन चालवणारा फानुक कंपनीचा कंट्रोलर 'थांब' म्हणाल्यावर जास्तीत जास्त १० अक्षरं सहन करतो. चिपमध्ये आधीच भरलेली १६ अक्षरं निघत राहतात आणि मशीनच्या स्क्रीनवर अलार्म ८७, बफर ओव्हरफ्लो (साठा भरून वाहिला). केबल बदलून उपयोग नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्टच्या ॲडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ट्रान्समिट बफर १ वर आणा, किंवा फिफोची खूण काढा. यूएसबी कन्व्हर्टरमध्ये ही सोय बहुधा नसते आणि त्याचा स्वतःचा साठा वेगळाच. म्हणून ड्रिप-फीडसाठी (मशीन चालू असताना प्रोग्रॅम थोडा थोडा पाठवण्यासाठी) पीसीआय-एक्स्प्रेसचं सीरियल कार्ड बरं. बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक तपासण्याचा बिट), स्टॉप बिट (अक्षराचा शेवट दाखवणारा बिट) मशीनच्या पॅरामीटरमध्ये आहेत तेच ठेवावेत, अंदाजाने नाही.

जुनं विंडोज नव्या बोर्डावर घालणं हाही उपाय टिकत नाही. एक्सपीच्या सीडीत साटाच्या (हार्ड डिस्क जोडायच्या पोर्टच्या) नव्या एएचसीआय मोडचा ड्रायव्हर नाही, म्हणून ७बी क्रमांकाचा निळा स्क्रीन येतो. बायोसमध्ये जुना आयडीई मोड असेल तर सुटका, नव्या बोर्डांवर तो मिळत नाही. विंडोज ७ मध्ये यूएसबी ३ चा ड्रायव्हर नाही, त्यामुळे २०१५ नंतरच्या अनेक इंटेल बोर्डांवर इन्स्टॉल करताना कीबोर्ड-माऊसच मरतात.

तेव्हा चालू पीसीची डिस्क आजच क्लोन करा (तिची हुबेहूब प्रत काढा), डोंगलचा ड्रायव्हर आणि मशीनचे पॅरामीटर वेगळे जपा, आणि त्या पीसीला इंटरनेटची वायर लावू नका.