अलॉटमेंट

अलॉटमेंट : घराला लागून जमीन नसलेल्या कुटुंबाला घरापुरता भाजीपाला पिकवता यावा म्हणून नगर परिषद, पॅरिश (गावपातळीवरील प्रशासकीय विभाग) अथवा खाजगी मालक यांच्याकडून अल्प वार्षिक भाड्याने मिळणारा जमिनीचा तुकडा. ही पद्धत प्रामुख्याने ब्रिटनमधील आहे. एका आवारात असे अनेक तुकडे लागून असतात. ताबा ज्याचा त्याचा. पायवाटा, पाण्याचे नळ व फाटक सामाईक. परसबागेपेक्षा ही बाग दोन बाबतींत वेगळी ठरते : ती घरापासून दूर असते आणि जमिनीची मालकी कसणाऱ्याकडे नसते.

पूर्ण तुकड्याचे रूढ माप १० रॉड. चौरस रॉड हा एकराचा १६० वा भाग असल्याने हे क्षेत्र सुमारे २५३ चौ. मी. होते, गुंठा हा एकराचा चाळिसावा भाग असल्यामुळे ते बरोबर अडीच गुंठे भरते. चार माणसांच्या कुटुंबाला वर्षभर भाजी पुरावी म्हणून हे माप ठरले, असे बहुतेक ठिकाणी सांगितले जाते. मात्र एकोणिसाव्या शतकात शेतमजुरांना दिलेल्या जमिनींत पाव एकरापर्यंतचे, म्हणजे ४० रॉडपर्यंतचे तुकडे सर्रास दिसतात. त्यामुळे १० रॉडांचा दंडक शहरांतून मागणी वाढल्यानंतरचा असावा. हल्ली नव्या भाडेकरूला बहुधा अर्धाच तुकडा मिळतो.

उगम : याबाबत एकवाक्यता नाही. काही लेखक आरंभ एलिझाबेथ राणीच्या काळापर्यंत मागे नेतात. १५८९ च्या कायद्याने नव्या झोपडीमागे किमान चार एकर जमीन असण्याची अट घातली होती, हा त्यांचा आधार. परंतु ती जमीन झोपडीला जोडलेली होती, तुकडे पाडून भाड्याने दिलेली नव्हती. १६४९ मध्ये जेरार्ड विन्स्टन्ली व त्याच्या ‘डिगर्स’ सहकाऱ्यांनी सरे परगण्यातील सेंट जॉर्जेस हिलवर पडीक सामाईक जमीन खणून पार्सनिप (गाजरासारखे पांढरट कंदमूळ), गाजर व शेंगांचे बी पेरले. या घटनेकडे अलॉटमेंटची पूर्वपीठिका म्हणून आदराने पाहिले जाते आणि तो आदर योग्यच आहे. तथापि त्या प्रयोगाचा पुढील व्यवस्थेशी थेट धागा दाखवता येत नाही.

दुसरे मत शहरी बागांकडे बोट दाखवते. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून बर्मिंगहॅम, नॉटिंगहॅम यांसारख्या शहरांच्या कडेला दुकानदार व कुशल कारागीर कुंपण घातलेल्या बागा भाड्याने घेत. बर्मिंगहॅममध्ये त्यांना ‘गिनी गार्डन’ म्हणत. नॉटिंगहॅमच्या सेंट अ‍ॅन्स येथील सुमारे ७५ एकरांच्या बागा याच परंपरेतील असून आता त्यांना वारसा-संरक्षण आहे. पण त्यांत फुलझाडे, बसायला छोटी घरे, रविवारची विश्रांती यांचा वाटा मोठा होता. पोटाची निकड हे त्यांचे कारण नव्हते.

तिसरे मत अधिक ग्राह्य वाटते. सामाईक कुरणे व माळ कुंपणबंद करून खाजगी मालकीत देण्याच्या चळवळीने (एन्क्लोजर) शेतमजुराची गाय, सरपण व भाजीची जागा गेली. त्याची अंशतः भरपाई आणि गरीबपोषणाचा कर आटोक्यात ठेवण्याचा उपाय म्हणून हे तुकडे आले. विल्टशरमधील ग्रेट सॉमरफर्ड येथे रेव्हरंड स्टीफन डेमेनब्रे यांच्या आग्रहाने १८०९ मध्ये कुंपणबंदीच्या निवाड्यातच गरिबांसाठी जमीन राखली गेली. आजही कसल्या जाणाऱ्या अलॉटमेंटांपैकी ती सर्वांत जुनी मानतात. १८१९ मध्ये पॅरिशांना गरिबांसाठी जमीन भाड्याने देण्याचा अधिकार मिळाला, पण प्रत्यक्षात फारसे घडले नाही. १८३०–३१ मध्ये ‘कॅप्टन स्विंग’ या नावाने मळणीयंत्रे फोडण्याचे व गंजी जाळण्याचे सत्र सुरू झाले, तेव्हा कुठे जमीनदारांना मजुराच्या हाती थोडी जमीन असणे शहाणपणाचे वाटू लागले. त्यांच्या अटी मात्र जाचक असत : रविवारी काम करायचे नाही, नांगर लावायचा नाही, नुसत्या फावड्यानेच खणायचे. १८४५ च्या सर्वसाधारण कुंपणबंदी कायद्याने गरिबांसाठी जमीन राखण्याची तरतूद केली. त्यानंतरच्या सुमारे पाव शतकात सहा लाखांवर एकर कुंपणात गेले आणि त्यांतील जेमतेम २,२०० एकर अलॉटमेंटसाठी सुटले. भरपाई किती तुटपुंजी होती, हे यावरून दिसते.

कायदा : १८८७ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर जबाबदारी टाकली. १९०८ चा कायदा आजही पायाभूत आहे. त्यानुसार सहा मतदारांनी वा करदात्यांनी लेखी मागणी केल्यास परिषदेला तिचा विचार करावाच लागतो. १९२२ च्या कायद्याने अलॉटमेंट बागेची व्याख्या केली : ४० रॉडपेक्षा मोठी नसलेली व मुख्यतः स्वतःच्या कुटुंबाच्या खाण्यासाठी भाज्या-फळे पिकवण्यास वापरलेली जमीन. १९२५ पासून अलॉटमेंटसाठीच घेतलेली जमीन परिषदेला मंत्र्याच्या संमतीशिवाय विकता येत नाही. १९५० च्या कायद्याने कोंबड्या व ससे पाळण्याची मुभा दिली.

जमीन सोडण्याच्या नोटिशीचा नियम बारकाईने पाहण्याजोगा आहे. ती किमान बारा महिन्यांची हवी (१९५० पूर्वी सहा) आणि तिची मुदत ६ एप्रिलला वा त्यापूर्वी, अथवा २९ सप्टेंबरला वा त्यानंतर संपली पाहिजे. म्हणजे उभे पीक शेतात असताना भाडेकरूला उठवता येत नाही. ६ एप्रिल हा जुना लेडी डे, २९ सप्टेंबर हा मायकलमस. दोन्ही इंग्लंडमधील जमीनव्यवहाराचे जुने दिवस. पेरणी ते काढणी हा काळ येथे कायद्यानेच राखून ठेवला आहे.

पहिल्या महायुद्धात डिसेंबर १९१६ च्या आदेशाने मोकळ्या जागा लागवडीखाली आल्या आणि १९१८ पर्यंत तुकड्यांची संख्या सुमारे पंधरा लाखांवर गेल्याचे अंदाज आहेत. दुसऱ्या महायुद्धातील ‘डिग फॉर व्हिक्टरी’ मोहिमेत ती १४ लाखांच्या आसपास होती. पुढे घसरण झाली. हॅरी थॉर्प समितीच्या १९६९ च्या अहवालाने या बागांना विरंगुळ्याच्या बागांचे रूप देण्याची शिफारस केली. तिचे कायद्यात रूपांतर झाले नाही. आज सुमारे सव्वातीन लाख तुकडे असावेत असे मानतात. अनेक शहरांत प्रतीक्षायादी काही वर्षांची असते.

इतर देश : डेन्मार्कमध्ये फ्रेडेरिसिया येथे १७७८ मध्ये तटबंदीबाहेर बागा दिल्याची नोंद आहे. जर्मनीतील ‘श्रेबर बागा’ लाइपसिकचे वैद्य मोरिट्स श्रेबर यांच्या नावाने ओळखल्या जातात. प्रत्यक्षात त्यांच्या मृत्यूनंतर (१८६१) शिक्षक अर्न्स्ट हाउशिल्ड यांनी काढलेल्या संस्थेने मुलांसाठी मैदान केले आणि तेथे भाजीचे वाफे कार्ल गेझेल या शिक्षकांनी सुरू केले. श्रेय गेझेल यांना अधिक द्यावे लागते. फ्रान्समध्ये १८९६ मध्ये आबे लमीर यांनी कामगारांच्या बागांची संघटना स्थापली. भारतात समांतर कायदा नाही. मुंबईत रेल्वेमार्गालगत पालक, माठ, भेंडी पिकताना दिसत आली, ती रेल्वेची जमीन कर्मचाऱ्यांना लागवडीस देण्याच्या योजनेतील होय.

हंगामक्रम : आपल्याकडे लागवडीचे वेळापत्रक पाऊस ठरवतो, इंग्लंडमध्ये ते हिमतुषार व दिवसाची लांबी ठरवतात. पाऊस तेथे बारमाही असतो. लसणाच्या पाकळ्या व बाकल्याच्या काटक जाती ऑक्टोबर-नोव्हेंबरात लावतात. लसणाला गड्डा धरण्यासाठी थंडीचे काही आठवडे लागतातच. फेब्रुवारीत बेण्याचे बटाटे अंड्यांच्या खोक्यांत डोळे वर करून उजेडात मांडतात. महिनाभरात आखूड, जाड, हिरवट-जांभळे कोंब येतात. अंधारातले लांब पांढरे कोंब लावताना मोडतात. लागवड गुड फ्रायडेला करण्याची रूढी आहे, परंतु हा दिवस महिनाभर मागेपुढे होत असल्याने जाणते लोक मातीची ऊब पाहतात. दक्षिण इंग्लंडमध्ये मेच्या उत्तरार्धापर्यंत हिमतुषाराची भीती असते, म्हणून टोमॅटो, रनर बीन व भोपळावर्गीय रोपे त्यानंतरच उघड्यावर जातात.

सर्वांत कठीण काळ हिवाळा नव्हे. हिवाळ्यात लीक, केल, ब्रसेल्स स्प्राउट्स, पार्सनिप वाफ्यात उभी असतात. थंडीने पार्सनिपमधील पिष्टाची साखर होऊन ती गोड होते. खरी चणचण एप्रिल-मेमध्ये भासते. कोबीवर्गीय भाज्या फुलोऱ्यावर जातात, साठवणीचे कांदे-बटाटे कोंबारतात आणि नवे पीक हाती आलेले नसते. जांभळी ब्रोकोली व रुबार्बचे देठ यांवर हे आठवडे निभावतात. ब्रोकोलीचे बी मात्र त्यासाठी वर्षभर आधी टाकलेले असावे लागते, त्यामुळे नवा भाडेकरू पहिल्या वसंतात हमखास रिकाम्या हाती राहतो.

जुलै-ऑगस्टमध्ये बटाटा व टोमॅटोवर फायटॉप्थोरा इन्फेस्टन्स या बुरशीसदृश रोगजंतूमुळे करपा येतो. सलग दोन दिवस किमान तापमान १०° से. किंवा अधिक आणि दररोज किमान सहा तास आर्द्रता ९० टक्के वा जास्त असल्यास धोक्याचा इशारा देतात. हे ‘हटन निकष’ २०१७ पासून वापरात असून १९५६ च्या स्मिथ निकषांत आर्द्रतेची अट अकरा तासांची होती. डाग दिसताच पाला कापून हलवतात व साली घट्ट होण्यासाठी बटाटे आणखी दोन आठवडे मातीत ठेवतात. शेजारचा तुकडा हाताच्या अंतरावर असल्याने एकाने हयगय केली तर रोग साऱ्या आवारात पसरतो. कोबीवर्गाच्या मुळांवर गाठी आणणारा क्लबरूट याहून चिवट. त्याचे बीजाणू जमिनीत अनेक वर्षे टिकतात. चुना व पिकांची फेरपालट हे मुख्य उपाय. गोगलगायींसाठीच्या मेटाल्डिहाइड गोळ्यांवर २०२२ पासून ग्रेट ब्रिटनमध्ये बंदी आहे.

दिवसाच्या लांबीचा परिणाम भारतातून बी नेणाऱ्यांना विशेष जाणवतो. जूनमध्ये लंडनचा दिवस साडेसोळा तासांचा, तर नाशिकचा सव्वातेरा तासांच्या आसपास असतो. नाशिककडील कांद्याच्या जाती अकरा-बारा तासांच्या दिवसातच पोसू लागतात. मार्चअखेर इंग्लंडमध्ये ही मर्यादा ओलांडली जाते. त्या सुमारास पेरलेल्या रोपाला पुरती पात फुटण्याआधीच कांदा धरायची घाई होते आणि हाती गोळीएवढा कांदा येतो. तेथील जातींना चौदा ते सोळा तास लागत असल्याने त्या आधी भरपूर पात वाढवतात, मग पोसतात. कोथिंबीरही दीर्घ दिवसात पटकन फुलोऱ्यावर जाते. तिचे धणे ऑगस्टच्या मध्यानंतर टाकल्यास पाने ऑक्टोबरपर्यंत खुडता येतात. मेथी रोपे कोवळी असतानाच उपटली तर हंगामात अनेकदा पेरता येते.