लढाऊ विमानांचे स्टेल्थीकरण

मुळात स्टेल्थ (रडारला चुकवण्यासाठी आखलेल्या) नसलेल्या, सेवेतल्या लढाऊ विमानाची रडारवरील खूण लहान करण्याचे उपाय. विमान अदृश्य होत नाही. शत्रूच्या रडारला ते उशिरा, जवळ आल्यावर दिसते, एवढेच.

रडारचा पल्ला लक्ष्याच्या परावर्तन-क्षेत्राच्या (ते रडारच्या लहरी किती परत पाठवते याचे माप) चौथ्या मुळाच्या प्रमाणात बदलतो, आणि इथेच गणित कंजूष होते. क्षेत्र १० पट घटवले तरी १०० किमीवर दिसणारे विमान ५६ किमीवर दिसतेच. पल्ला निम्मा करायचा तर घट १६ पट हवी.

लहरी परत पाठवणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. मुंबईत वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेल्या एचएफ-२४ मारुत या जुन्या भारतीय लढाऊ विमानाजवळ उभे राहिले की त्यांतल्या बऱ्याच बोटाने दाखवता येतात: दोन्ही बाजूंची हवा आत घेणारी तोंडे, वैमानिकाचा कक्ष, शेपटीचे उभे-आडवे पंख. काटकोनी कोपऱ्यात लहर दोनदा आपटते आणि आल्या वाटेने परतते. हे कोपरे कागदावर आराखडा काढतानाच टाळावे लागतात. माझगाव डॉकने बांधलेल्या शिवालिक वर्गातील युद्धनौकांच्या (पहिली २०१० मध्ये नौदलात दाखल) बाजू तिरप्या आहेत, त्या अशा सुरुवातीपासूनच ठरवलेल्या. तयार विमानाचा सांगाडा तिरपा करता येत नाही.

मग उरतो लेप. अमेरिकेच्या ‘हॅव ग्लास’ कार्यक्रमात एफ-१६ ला रडारशोषक रंग दिला गेला आणि काचेवर धातूयुक्त पातळ थर चढवला, म्हणून तिला सोनेरी झाक दिसते. लेपाने वजन वाढते, तो सतत डागडुजी मागतो आणि लांब तरंगलांबीच्या रडारपुढे फारसा चालत नाही.

लहरी परतवणारी इंजिनाची फिरती पाती लपवणे त्याहून महाग. बी-१ हे बॉम्बफेकी विमान, पण उदाहरण बोलके आहे: बी-१बी मध्ये हवेचा मार्ग वाकडा करून आत आडपडदे बसवले, आणि मूळ आवृत्तीचा मॅक २.२ चा (ध्वनीच्या २.२ पट) कमाल वेग १.२५ वर आला. (अमेरिकेच्या सुपर हॉर्नेट या लढाऊ विमानात इंजिनाच्या पंख्यापुढे अडथळा आहे, पण ते विमान जवळजवळ नव्यानेच आखलेले.)

एवढे करूनही पंखाखाली क्षेपणास्त्रे आणि तेलाच्या टाक्या टांगल्या की कमावलेले बरेचसे जाते. बोइंगने २००९ मध्ये मांडलेल्या एफ-१५ सायलेंट ईगलमध्ये शस्त्रे अंगालगतच्या टाक्यांच्या जागी, आत ठेवायची होती. साहजिकच इंधन घटत होते. त्याला एकही ग्राहक मिळाला नाही.