शासकीय निविदा भरण्यापूर्वी : लघुउद्योजक ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सप्रेम नमस्कार.

सरकारी काम ओळखीशिवाय मिळत नाही, असे आमच्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक कारखानदार पहिल्याच भेटीत सांगतो. प्रत्यक्षात आमच्या टेबलावरून गेलेल्या आणि बाद झालेल्या बहुतेक निविदांचा दर कोणी उघडूनही पाहिला नाही, कारण त्या तांत्रिक लिफाफ्यातच, म्हणजे दराआधी तपासल्या जाणाऱ्या पात्रतेच्या कागदपत्रांतच, अडकल्या. दर कसा काढावा हे आपणांस आमच्यापेक्षा चांगले कळते. म्हणून निविदा त्या दरापर्यंत पोहोचावी कशी, एवढेच येथे सांगत आहोत.

केंद्र सरकारची खाती आणि उपक्रम बरीचशी खरेदी 2016 साली सुरू झालेल्या जेम (गव्हर्नमेंट ई-मार्केटप्लेस) या सरकारी खरेदी पोर्टलवरून करतात, तर राज्य शासनाच्या निविदा मुख्यतः महाटेंडर्स या राज्याच्या ई-निविदा पोर्टलवर निघतात. पॅन, जीएसटी आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांची सरकारी नोंदणी) ही कागदपत्रे आधीच तयार ठेवावीत. उद्यम नोंदणीला शासकीय शुल्क नाही. कोणी तसे मागितल्यास देऊ नये. महाटेंडर्ससाठी याशिवाय क्लास थ्री डिजिटल सही लागते, जी पेनड्राइव्हसारख्या टोकनवर मिळते. काही ग्राहक हे टोकन पिनसह आमच्याकडेच ठेवून जातात. ते आम्ही परत करतो, कारण ती आपली सही आहे आणि ती आपल्याच खिशात असावी.

सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या 2012 च्या केंद्रीय खरेदी धोरणानुसार केंद्रीय खाती व उपक्रमांनी वार्षिक खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी अशा उद्योगांकडून करावयाची असते आणि त्यांना निविदा संच विनामूल्य मिळून बयाणा रकमेतूनही (निविदेसोबत भरावयाच्या अनामतीतूनही) सूट मिळते. 20 लाखांच्या पुरवठ्यावर 2 टक्के बयाणा धरला तरी 40,000 रुपये निकालापर्यंत अडकून पडतात, हे लक्षात घेतले म्हणजे या सवलतीचे मोल कळते. शिवाय सर्वांत कमी दर मोठ्या उद्योगाचा 100 रुपये असेल आणि आपला 115 पर्यंत असेल, तर 100 रुपयांना माल देण्याची तयारी दाखवून, मागणी विभागता येण्याजोगी असल्यास, तिचा काही हिस्सा आपणांस मिळू शकतो. मात्र केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना, उद्यम क्रमांक असला तरी, या सवलती लागू होत नाहीत. राज्याच्या निविदेत कोणती सूट आहे, हे त्या त्या निविदेच्या अटींतच पाहावे.

आता प्रत्यक्ष भरण्याविषयी. महाटेंडर्सवरून उतरवून घेतलेल्या बीओक्यूच्या (दर भरावयाच्या तक्त्याच्या) एक्सेल फाइलचे नाव बदलू नये, तिच्यात रकाने वाढवू नयेत आणि दर फक्त नेमून दिलेल्या चौकटीतच भरावेत. ते जीएसटीसह की जीएसटीविना, हे अटींत वाचूनच ठरवावे. तांत्रिक लिफाफ्यात कोठेही, अगदी लेटरहेडवरील पत्रातसुद्धा, दराचा उल्लेख आला की निविदा बाद होऊ शकते. बयाणा एनईएफटीने भरल्यास पोर्टलवर त्याची नोंद दिसण्यास वेळ लागतो, म्हणून तो शेवटच्या दिवसावर ठेवू नये. सर्व फाइली चढल्या म्हणजे काम झाले असे वाटते, परंतु ‘फ्रीझ’चे बटण दाबून पोचपावती निघेपर्यंत निविदा दाखल झालेली नसते, तसेच मुदत आपल्या घड्याळानुसार नव्हे, तर पोर्टलच्या पानावर दिसणाऱ्या वेळेनुसार संपते. अंतिम तारखेच्या दोन दिवस आधी शुद्धिपत्रक निघाले आहे का, हेही एकदा पाहावे. निविदेचे सर्व कागद आमच्याकडे मुदतीच्या किमान तीन दिवस आधी यावेत, ही विनंती. शेवटच्या दुपारी आलेले काम आम्ही घेत नाही. त्याबद्दल रुसू नये.

काम मिळाल्यावर देयक रखडले, तर सूक्ष्म व लघु उत्पादकांना व सेवा पुरवठादारांना 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्याचा आधार आहे : लेखी करार असला तरी माल अथवा सेवा स्वीकारल्यापासून 45 दिवसांच्या आत पैसे मिळाले पाहिजेत आणि विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागू होते. ही तक्रार केंद्राच्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग मंत्रालयाच्या ऑनलाइन पोर्टलवर करता येते. तेथे पुरवठा आदेश आणि देयकाची प्रत लागते, म्हणून माल उतरवताना चलनावर स्वीकारणाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख त्याच जागी घ्यावी.