हिप-हॉप आणि ब्लॅक तरुणांचं राजकारण (अमेरिका)

१९७० नंतर अमेरिकेतल्या शहरांत वाढलेल्या ब्लॅक तरुणांनी पोलिसांचा जुलूम, तुरुंग आणि मतदान या प्रश्नांवर जी चळवळ केली तिला हिप-हॉपने काय दिलं, ते या नोंदीत आहे. रॅप, डीजे, ब्रेकडान्स सगळ्यांना ठाऊक आहेत, त्यात शिरत नाही.

सुरुवात कुठून धरायची यावर वाद आहे. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स भागातल्या सेजविक अव्हेन्यूवरची १५२० नंबरची बिल्डिंग, सिंडी कॅम्पबेलने शाळेच्या कपड्यांना पैसे जमवायला ठेवलेली पार्टी आणि रेकॉर्ड लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क, ही तारीख सगळे देतात, पण ती सोयीपुरतीच धरावी. हर्क १९६७ च्या सुमारास जमैकाहून आला म्हणून तिथली साउंड सिस्टिम (रस्त्यावर मोठे स्पीकर लावून गाणी वाजवायची पद्धत) हेच मूळ असं बरेच अभ्यासक मानतात, आणि मोठाले स्पीकर, रस्त्यावरच्या पार्ट्या बघता ते पटतंही, पण रॅपचं बोलणं तिथून आलं हे खुद्द हर्कनेच नाकारलंय, त्याने जेम्स ब्राउन आणि 'हसलर्स कन्व्हेन्शन' या अल्बमकडे बोट दाखवलं. तो अल्बम लास्ट पोएट्स या ब्लॅक कवींच्या ग्रुपमधल्या एकाचा, आणि हा ग्रुप न्यूयॉर्कमधल्या हार्लेमच्या एका पार्कात पहिल्यांदा उभा राहिला तो १९ मे १९६८ ला, ब्लॅक नेता माल्कम एक्सच्या जयंतीला. म्हणून हिप-हॉपमध्ये राजकारण १९८२ च्या 'द मेसेज' या रॅप गाण्यापासून आलं हे मत अपुरं वाटतं.

ब्रॉंक्सच्या गँगांचा तहसुद्धा इथेच धरायला हवा. डिसेंबर १९७१ मध्ये घेटो ब्रदर्स या बहुतांशी पोर्टोरिकन गँगचा ब्लॅक बेंजी भांडण मिटवायला गेला आणि मारला गेला, तरी त्यांनी सूड न घेता हो अव्हेन्यूवरच्या बॉइज क्लबात सगळ्या गँगांना बोलावलं. तह पूर्ण टिकला नाही पण पोरांना दुसऱ्याच्या एरियात जाता येऊ लागलं, आणि पार्टीला तेवढं पुरेसं होतं.

ब्लॅक पँथर या लढाऊ ब्लॅक पक्षाचा (ऑकलंड, १९६६) वारसा तर घरातूनच आला. रॅपर टूपाक शकुरची आई अफेनी पँथर होती, मे १९७१ ला खटल्यातून निर्दोष सुटली आणि जूनमध्ये तो जन्मला. याच पँथरवरून १९७२ ला मुंबईत दलित पँथरने नाव घेतलं.

१९८६ च्या केंद्रीय कायद्यात ५ ग्रॅम क्रॅकला (कोकेनचा ओढायचा स्वस्त प्रकार) ५ वर्षांची सक्तीची कैद होती, आणि तेवढीच कैद व्हायला कोकेन पावडर ५०० ग्रॅम लागायची. यात भरडली गेली ती जास्त करून ब्लॅक वस्तीतली पोरं, पब्लिक एनिमी आणि एन.डब्ल्यू.ए. या रॅप ग्रुपांचा संताप या काळातला आहे. १९८९ ला एफबीआय या केंद्रीय तपास संस्थेच्या एका अधिकाऱ्याने एन.डब्ल्यू.ए.च्या रेकॉर्ड कंपनीला नाराजीचं पत्रही पाठवलं.

पण गाण्याने गर्दी जमते, कायदा हलायला संघटना लागते. कॅलिफोर्नियात १४ वर्षांच्या मुलांवरही प्रौढांसारखा खटला भरणं सोपं करणाऱ्या प्रपोझिशन २१ (जनमताला टाकलेला कायद्याचा प्रस्ताव) विरुद्ध तरुणांनी हिप-हॉपच्या जोरावर जबरदस्त प्रचार केला, तरी मार्च २००० ला ते मंजूर झालंच. जून २००४ ला न्यूअर्कमध्ये हिप-हॉपवाल्यांचं राष्ट्रीय राजकीय अधिवेशन भरलं, त्यात मागण्यांचा अजेंडा ठरला.

ब्लॅक लोकांवरच्या हिंसेविरुद्धची ब्लॅक लाइव्हज मॅटर ही चळवळ २०१३ ला उभी केली ती तीन बायकांनी, अलिशिया गार्झा, पॅट्रिस कलर्स आणि ओपल टोमेटी. २०१५ ला क्लीव्हलंडमध्ये भरलेल्या ब्लॅक चळवळीच्या संमेलनाबाहेर पोलिसांनी एका १४ वर्षांच्या मुलाला धरलं, लोकांनी गाडी अडवली, पोलिसांनी पेपर स्प्रे मारला, पण शेवटी मुलाला आईकडे सोडावं लागलं आणि जमाव रॅपर केंड्रिक लमारच्या 'ऑलराइट' गाण्याची ओळ घोषणेसारखी म्हणू लागला.