गोवराचा नऊ महिन्यांचा डोस : पार्श्वभूमी

देवीचा शेवटचा रुग्ण भारतात १९७५ मध्ये सापडला. रोग गेला, नाव राहिलं; खानदेशात बाळाच्या अंगावर पुरळ दिसलं की अजूनही ‘देवी आली’ म्हणून दाराला कडुलिंबाचा डहाळा लागतो. सुरत-बारडोलीकडच्या ऊसतोडीहून परतणाऱ्या नंदुरबारच्या कुटुंबांच्या कागदांवर गुजरातीत ‘ओरी’ लिहिलेलं असेल तर तो गोवरच. ‘अछबडा’ म्हणजे कांजिण्या. कांजिण्यांत पाण्याचे फोड येतात. गोवरात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, लाल डोळे, आणि मग कानामागून खाली उतरत जाणारं लालसर पुरळ.

गोवराची लस १९८५ पासून सार्वत्रिक लसीकरणात आहे, नऊ महिने पूर्ण झाल्यावर. वाद आहे तो याच वयाचा. आईकडून आलेली प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूला रोखणारी प्रथिनं, बाळाच्या रक्तात असेपर्यंत लसीतला जिवंत विषाणूच निकामी होतो. बाराव्या महिन्यात टोचली तर शंभरातल्या सुमारे ९५ बाळांना संरक्षण मिळतं, नवव्यात सुमारे ८५ बाळांना. श्रीमंत देशांना थांबणं परवडलं, कारण तिथे पहिल्या वर्षात गोवर क्वचितच गाठतो. इथे तो तान्ह्यांनाच गाठत होता, मारत होता. म्हणून काही बाळं संरक्षणातून सुटतील हे मान्य करून नववा महिना ठरला, आणि ते योग्यच झालं. चुकलं ते पुढे. सुटलेल्यांसाठीचा दुसरा डोस कार्यक्रमात यायला २०१० उजाडलं.

२०१७ पासून गोवर आणि रुबेला (जर्मन गोवर) यांची लस एकत्र झाली. २०२२ च्या उद्रेकात मुंबई, मालेगाव होरपळले, तेव्हा रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळं १० टक्क्यांवर गेली असतील तिथे सहाव्या ते नवव्या महिन्यात जादा डोस द्यायचं ठरलं. हा ‘शून्य डोस’, मोजणीत धरायचा नाही. कार्डावर तो पहिला म्हणून चढला की नवव्या महिन्याचा राहून जातो आणि बाळ अर्धवट संरक्षणात वाढतं. नववा महिना आणि १६ ते २४ महिने, हे दोन्ही डोस त्यानंतरही लागतातच.

आजारी बाळाला ‘अ’ जीवनसत्त्व लागोपाठ दोन दिवस द्यायचं असतं, दवाखान्यातून : सहा महिन्यांखाली ५० हजार युनिट, सहा ते अकरा महिन्यांत १ लाख, त्यापुढे २ लाख. बुबुळावर पांढुरकं दिसलं तर दोन ते चार आठवड्यांनी तिसरा डोस. पुरळ उठल्यावर चार दिवस बाळ इतर मुलांपासून वेगळं ठेवावं. त्याआधीच्या चार दिवसांत संसर्ग पसरलेला असतोच. अंगावरचं दूध आणि जेवण तोडणारं पथ्य मात्र अजिबात पाळू नये, गोवरात बाळ त्यानेच खचतं. श्वास भरभर चालला, छाती आत ओढली जाऊ लागली किंवा पोटात पाणीही ठरेना, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा.