सहकुटुंब सिनेमा पाहताना नेमके काय घडते?

जर्मनीतील माइन्त्स शहरात मॅक्स प्लांक रसायनशास्त्र संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एका चित्रपटगृहातून बाहेर सोडल्या जाणाऱ्या हवेची नळी थेट रेणू ओळखणाऱ्या यंत्राला जोडली आणि १६ चित्रपटांच्या १०८ खेळांत दर अर्ध्या मिनिटाला त्या हवेची तपासणी केली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, प्रेक्षक बदलले तरी ठरावीक तणावाच्या प्रसंगी हवेतील आयसोप्रीन आणि कार्बन डायऑक्साइड यांचे प्रमाण खेळागणिक त्याच क्षणी वाढते. आयसोप्रीन आपल्या स्नायूंशी निगडित आहे. आपण दचकतो, अंग आखडतो, खुर्चीत सावरून बसतो, तेव्हा ते रक्तावाटे फुप्फुसांत येऊन उच्छ्वासातून बाहेर पडते.

इंदूरच्या रामबाग वस्तीतून निघालेल्या तीन पिढ्या एकाच रांगेतल्या खुर्च्यांवर बसतात, तेव्हा हेच घडत असणार. मात्र इथे एक सावधगिरी हवी. सर्वांची प्रतिक्रिया एकाच क्षणी उमटते ती प्रामुख्याने चित्रपटामुळे, शेजारी माणूस बसल्यामुळे नव्हे. मेंदूचे अभ्यासक उरी हॅसन आणि सहकाऱ्यांनी २००४ साली प्रत्येकाला स्वतंत्रपणे मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून चित्रपटाचा अर्धा तास दाखवला होता, आणि तरीही त्यांच्या मेंदूंच्या बऱ्याच मोठ्या भागातील हालचाली एकमेकांशी जुळत होत्या. मग सोबत जाण्याने वेगळे काय मिळते?

याचे एक उत्तर चॉकलेटच्या प्रयोगात सापडते. येल विद्यापीठातील एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांच्या २०१४ सालच्या अभ्यासात, शेजारची व्यक्तीही त्याच वेळी तेच चॉकलेट चाखत असेल, तर ते अधिक रुचकर वाटले. शेजारी दुसऱ्याच कामात असेल, तर तितके नाही. दोघांनी एकमेकांशी बोलायचेही नव्हते. पण याच अभ्यासात कडू चॉकलेट सोबतीने चाखल्यावर अधिक नकोसे वाटले. म्हणजे सोबत अनुभवाला गोड करत नाही, ती त्याची धार वाढवते. ही बाब मला मोलाची वाटते, कारण ‘कुठला तरी बघू, सगळे मिळून गेलो म्हणजे झाले’ हा आपला लाडका युक्तिवाद तिच्यापुढे टिकत नाही. घाबरट नातवाला भयपटाला नेले, तर आजीच्या कुशीत बसूनही त्याची भीती उतरेलच, असे नाही. २०२४ च्या नियमांनुसार चित्रपटांच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावे अशा) प्रमाणपत्राचे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन गट झाले आहेत. तिकिटे काढण्यापूर्वी तेवढे तरी पाहावे.

घरच्या दिवाणखान्यात हा परिणाम कमी का होतो, याचे कारणही वरच्या प्रयोगात दडले आहे. सोफ्यावर चौघे बसलेले असतात, पण एकाचे लक्ष मोबाइलवर, दुसऱ्याचे कुकरच्या शिट्टीकडे, आणि कोणीतरी मध्येच चित्र थांबवून पाणी आणायला उठते. चॉकलेट सर्वांच्या हातात आहे, चाखणारा मात्र एकच. टॉकीजमधला अंधार, थांबवता न येणारा पडदा आणि मोबाइल काढताच मागून येणारी ‘ओ भाऊ!’ ही हाक मिळून लक्ष एकाच दिशेला बांधून ठेवतात. पॉपकॉर्नची किंमत हा भाग वेगळा.

चित्रपट सुटल्यावर इंदूरकरांची पावले सराफ्याकडे वळतात. दिवसा सोन्याचांदीची असलेली ही पेठ रात्री खाऊगल्ली होते, आणि थंडीत गरमागरम गराडूचा, म्हणजे तळलेल्या कंदाचा, द्रोण हातात येईपर्यंत बरीच चर्चा झालेली असते. ही चर्चा वाया जात नाही. एमरी विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ रॉबिन फिवुश यांच्या अनेक वर्षांच्या संशोधनातून दिसते की, जे पालक घडून गेलेल्या घटनांबद्दल मुलांशी तपशीलवार आणि मोकळे प्रश्न विचारत बोलतात, त्यांची मुले आपले अनुभव अधिक सविस्तर आणि सुसंगतपणे सांगू लागतात. ‘आवडला ना?’ या प्रश्नाला ‘हो’ एवढेच उत्तर मिळते. ‘तो घर सोडून का गेला असेल?’ असे विचारले, की सात वर्षांची मुलगी एक कारण सांगते, आजोबा ते खोडून काढतात, आणि मग तिला आपले म्हणणे प्रसंग आठवून, क्रमाने मांडावे लागते.